दारू सोडण्याचा क्रम: आधी डॉक्टर, मग माळ

सोलापुरातल्या पुष्कळ घरांत दारू सोडण्याचा मुहूर्त ठरलेला असतो. गटारीला पोटभर प्यायची आणि श्रावण लागला की एकदम बंद. नाहीतर सिद्धेश्वराच्या पायरीवर शपथ, नाहीतर पंढरपूरला नेऊन गळ्यात माळ. सोडणाऱ्याचं मन त्या दिवशी खोटं नसतं. पण तिसऱ्या रात्री तो भिंतीवर किडे चालताहेत म्हणून ओरडत उठतो, घामाने निथळतो, घरच्यांना ओळखत नाही. घरचे म्हणतात, बाहेरचं काहीतरी लागलं. लिंबू उतरवतात, अंगारा लावतात, आणि शेवटी शेजारचा कुणीतरी म्हणतो, "थोडी पाजा, शांत होईल." तो शांत होतोही. तिथेच सगळं संपतं.

पुढे पैशाचं आणि नात्यांचंही असंच होतं. महिनाभर प्यायला नाही म्हणून पगार परत हातात, बायकोने मागचं सगळं विसरावं अशी अपेक्षा, आणि पहिल्याच हुरडा पार्टीला पाठवणी. शपथ घ्यायला माझी हरकत नाही. माळेने सुटलेली माणसंही आहेत. फक्त माळ सातव्या-आठव्या दिवशी घाला, डॉक्टरांनी शरीर ठीक आहे असं सांगितल्यावर.

लेख मुख्यतः घरच्यांसाठी आहे: बायको, आई, भाऊ, मोठी लेक. ज्याला सोडायची आहे त्यानेही वाचावा.

## १. बंद करण्याआधी: सवय किती खोल गेली आहे ते बघा

किती पितो यापेक्षा सकाळी काय होतं हे महत्त्वाचं. यंत्रमागावर काम करणाऱ्याचं उदाहरण घ्या. सकाळच्या पाळीला ताण्याचा धागा तुटतो, तो जोडताना बोटं थरथरतात, गाठ बसत नाही. बाहेर जाऊन थोडी टाकून आला की हात स्थिर, गाठ पहिल्या झटक्यात. मालक म्हणतो, "पिऊन बरा काम करतो बे हा." याचा अर्थ शरीराला आता दारूशिवाय चालत नाही. अशा माणसाची दारू घरी एकदम तोडायची नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एका कागदावर लिहून घ्या:

- रोज काय आणि किती. देशी, इंग्लिश, हातभट्टी की शिंदी. क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्या हिशेबाने लिहा. तो सांगेल तो आकडा आणि तुम्हाला वाटतो तो, दोन्ही.
- सकाळी उठल्या उठल्या लागते का.
- याआधी बंद केली तेव्हा काय झालं. फिट आली होती का, भास झाले होते का.
- कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच यातलं काही.
- शुगर, बीपी, फिट, झोपेच्या गोळ्या. तंबाखूचा मावा किंवा गांजा असेल तर तोही, लाजू नका.

सावध: दरवर्षी श्रावणात बंद आणि भाद्रपदात सुरू असं चाललं असेल, तर "मागच्या वेळी काही झालं नाही" यावर विसंबू नका. सोडणं-धरणं जितक्या वेळा होतं, तितका पुढचा त्रास वाढत जाण्याची शक्यता असते.

## २. बोलायचं कधी आणि कसं

रात्री तो पिऊन आल्यावर बोलू नका. त्या वेळी दिलेलं वचन त्याला सकाळी आठवतही नसतं, आणि भांडण झालं तर ते मात्र साऱ्या गल्लीला आठवतं. सकाळी, चहाआधी किंवा चहासोबत, तो जितका शुद्धीवर असेल तितक्यात बोला. घरातले दोघेच बसा. पंधरा नातेवाईक गोळा केले की तो आरोपी होतो आणि आरोपी आधी बचावाला लागतो.

"तुम्ही आमचं आयुष्य बरबाद केलं" हे खरं असेलही, पण त्यावर त्याला उत्तर देता येतं. घडलेली गोष्ट सांगा: "अहो, सोमवारी पोराला शाळेतून आणायला गेलात आणि त्याला चौकातच ठेवून आलात." त्यावर वाद घालता येत नाही. मग एकच मागणी करा, "उद्या सकाळी दवाखान्यात येता का?" आयुष्यभर सोडा असं त्या दिवशी म्हणू नका. तेवढं मोठं त्याच्याने उचलणार नाही.

नाही म्हणाला तर? तुम्ही एकट्या जा. समुपदेशक घरच्यांशीही बोलतात, आणि बहुतेक घरांत पहिलं पाऊल बाईचंच पडतं. आणि तेव्हापासून त्याच्या दारूचा भार उचलणं थांबवा: मालकाला "ताप आलाय" असा फोन करायचा नाही, दुकानाची उधारी तुमच्या विड्या वळण्याच्या पैशातून फेडायची नाही. जेवण बंद करायचं नाही, अबोला धरायचा नाही. फक्त त्याने केलेलं त्याला निस्तरू द्यायचं.

सावध: मारहाण होत असेल तर हा टप्पा बाजूला ठेवा. आधी तुमची आणि मुलांची सोय. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षण आदेश दोन्ही मिळतात, त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही. तो "प्यायल्यावर असा, एरवी देवमाणूस" असला तरीही.

## ३. पहिला आठवडा: इथे जीव जाऊ शकतो

सिव्हिलचा, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, किंवा खासगी मानसोपचारतज्ज्ञ, किंवा निदान तुमचे नेहमीचे फिजिशियन. यातल्या कुणाला तरी दाखवून मगच दारू बंद करायची. त्याच्या आदल्या दिवशी नाही. दवाखान्यात नेताना तो थोडी पिऊन आला तरी चालेल, पण थरथरत दोन दिवस घरात कोंडून मग आणू नका.

शेवटच्या घोटानंतर साधारण असं घडतं:

- ६ ते २४ तास: हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप नाही, चिडचिड.
- पहिले दोन दिवस: फिट येण्याचा धोका. आधी कधी आली नसली तरी येऊ शकते.
- दुसऱ्या ते चौथ्या दिवसात: काहींना भास, वेळ-जागेचं भान सुटणं, ताप, जोरदार थरथर. ही बाधा नसते. मेंदूला दारूची सवय झालेली असते, ती एकाएकी काढून घेतल्याने तो बेफाम होतो. उपचाराविना यात माणूस दगावतो.

डॉक्टर या काळात गुंगीच्या गटातल्या गोळ्या देतात आणि दिवसागणिक कमी करत नेतात. त्यासोबत बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. वर्षानुवर्षं जेवणाऐवजी दारूवर राहिलेल्याच्या अंगात हे जीवनसत्त्व संपलेलं असतं. म्हणूनच "अशक्तपणा आलाय, ग्लुकोजची बाटली लावा" असा आग्रह जवळच्या छोट्या दवाखान्यात धरू नका. बी-१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरांना एवढं जरूर सांगा, "रोज पिणारे आहेत, आधी बी-१ द्या."

घरी उपचार चालले असतील तर चोवीस तास कुणीतरी जवळ हवं. खोलीत मंद दिवा, पाणी, लिंबू सरबत, ताक, मऊ भात, पेज. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठवडाभर बाजूला, पोट सुजलेलं असतं. गोळ्या तुमच्या ताब्यात. त्या संपल्यावर मेडिकलमधून परस्पर आणखी आणायच्या नाहीत, नाहीतर दारू सुटते आणि गोळी लागते.

लगेच १०८ बोलवा: फिट, भास, ताप, बरळणं, रक्ताची उलटी, काळी शौच, डोळे तिरके होणं किंवा चालताना तोल जाणं. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका.

## ४. केंद्रात ठेवायचं असेल तर

घरी दुसरं कुणी पिणारं असेल, आधी फिट येऊन गेली असेल किंवा आत्महत्येची भाषा असेल, तर भरती करणं बरं. पुण्याचं मुक्तांगण सगळ्यांना माहीत आहे. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा असतो. जवळच्या केंद्राची चौकशी १४४४६ या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय मोफत हेल्पलाइनवरही करता येते.

पैसे भरण्याआधी स्वतः जाऊन बघा. नोंदणीचा कागद भिंतीवर आहे का? मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, रात्री नर्स असते का? पावती मिळते का? घरच्यांच्या बैठका होतात का? आणि आपल्याकडे एक खास प्रश्न विचारायचाच: समुपदेशक कोणत्या भाषेत बोलतो. पूर्व भागातल्या ज्या घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या ज्या घरात कन्नड, तिथला माणूस मराठीत हिशेब सांगेल, मनातलं नाही सांगणार.

"आम्ही गाडी घेऊन येतो, रात्रीतून उचलून नेतो, तीन महिने फोन नाही" असं सांगणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार माणसाच्या संमतीशिवाय भरती करायची तर मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. साखळीने बांधणं गुन्हा आहे. तिथून आलेला माणूस दारू विसरत नाही, कुणी तिथे पाठवलं ते विसरत नाही.

## ५. गोळ्या: काय द्यायचं, काय कधीच द्यायचं नाही

आठवडा पार पडला म्हणजे शरीरातली दारू गेली, ओढ नाही गेली. ओढ कमी करणारी औषधं असतात, नॅल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही त्यातली दोन. लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या बघून डॉक्टर ठरवतात.

तिसरं औषध डायसल्फिरॅम. ते घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या, रक्तदाब कोसळतो. काहींना ते उपयोगी पडतं, पण त्याला माहीत असताना आणि त्याच्या संमतीनेच. भाजीत, चहात, डाळीत लपवून देऊ नका. ऑनलाइन मिळणारी "त्याला न कळता दारू सोडवणारी पावडर" हीसुद्धा नको, तिच्यात काय असतं ते कुणी सांगत नाही. नकळत औषध पोटात आणि वर दारू, यात हृदय बंद पडून माणसं गेली आहेत. गोळी थांबवल्यावरही सुमारे दोन आठवडे परिणाम राहू शकतो. ती चालू असताना खोकल्याची काही औषधं, दशमूलारिष्टासारखी आसव-अरिष्टं आणि दाढीनंतरचं लोशनही टाळायचं, त्यांतही अल्कोहोल असतं.

तपासा: गोळीची वेळ दोघांनी मिळून ठरवली आहे का? रोज सकाळच्या चहासोबत, त्याने स्वतःच्या हाताने, तुमच्या समोर. "तोंड उघडा, गिळली का बघू" हे करू नका. तो नवरा आहे, कैदी नाही.

## ६. पहिले तीन महिने: संध्याकाळ सांभाळा

माणूस बहुधा संध्याकाळी सहा ते नऊमध्ये घसरतो. पाळी सुटली, अंग दुखतंय, पोट रिकामं, आणि घरापर्यंतच्या वाटेवर ओळखीचं दुकान. म्हणून या तीन तासांचं वेळापत्रक आधी करा, बाकी दिवस आपोआप बसतो.

वाट बदला, चार वळणं जास्त पडली तरी. भाऊ किंवा मुलगा महिनाभर न्यायला जाऊ शकला तर उत्तम. पाळी सुटताच खायला काहीतरी हवं: केळी, गूळ-शेंगदाणे, भडंग. भूक आणि ओढ सुरुवातीला सारखीच वाटते. गोड खावंसं वाटतं, खाऊ द्या, शुगर असेल तर डॉक्टरांना विचारून. मोबाइलमधून दोन-तीन नंबर काढायचे. कोणते, ते त्याला बरोब्बर माहीत असतं.

मग बैठक. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेला गट. त्यांच्या सभांना फी नसते, नाव-गाव विचारत नाहीत, धर्म बदलावा लागत नाही. घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे. सभा कोणत्या वारी, कुठे भरते ते समुपदेशकाकडून घ्या. पहिल्या सभेला "हे आपल्यासाठी नाही" असं वाटतंच. चार-पाच सभांआधी निकाल देऊ नका.

झोप काही आठवडे, कधी काही महिनेही नीट लागत नाही. याची कल्पना आधीच द्या. नाहीतर महिन्याभराने तो म्हणतो, "प्यायचो तेव्हा निदान झोपायचो तरी." उदासी दोन-तीन आठवड्यांनंतरही हटत नसेल तर डॉक्टरांना सांगा, तिचे उपचार वेगळे असतात. रात्री-अपरात्री मन फार खचलं तर टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

मावा सोडायचा आग्रह याच महिन्यात धरावा का? सोडला तर चांगलंच, पण त्यावरून रोज भांडण होत असेल तर मी म्हणेन दोन महिने थांबा. तंबाखूही जीव घेते. पण ज्या घरात आत्ता आग लागली आहे ती दारूची आहे.

## ७. पैसा: टप्प्याटप्प्याने परत द्यायचा

इथे दोन टोकाच्या चुका होतात. एक, पगार पूर्ण काढून घ्यायचा आणि चहाला दहा रुपये मागायला लावायचे. दुसरी, "आता सुधारले" म्हणून आठवड्याचा पूर्ण पगार हातात. आठवड्याला हाती रोकड येणाऱ्या घरात दुसरी चूक जास्त महाग पडते.

मला जमलेली दिसलेली पद्धत अशी. पहिले तीन महिने पगार शक्य तर बायकोच्या खात्यात, नाहीतर दोघांनी मिळून मालकाकडून घ्यायचा. त्याच्याकडे रोजच्या खर्चापुरते. चौथ्या महिन्यापासून घरातलं एकच देणं त्याच्याकडे: वीजबिल, किंवा गॅस. ते दोन महिने वेळेवर भरलं की दुसरं. रोज दोनशेची पीत होता तर महिन्याचे सहा हजार वाचताहेत. त्यातले हजार-पंधराशे कशाला जाणार हे त्याला ठरवू द्या. वहीत लिहायचं, लिहिणारा तोच.

मग कर्ज. सगळं एका कागदावर: बचत गट, मायक्रोफायनान्सचा हप्ता, मित्रांची उसनवारी, दुकानाची उधारी, सावकार. आधी तो हप्ता, जो चुकला तर तुमच्या गटातल्या इतर बायकांवर येतो. विनापरवाना सावकार धमकावत असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात लेखी तक्रार करता येते, कोरे धनादेश आणि स्टॅम्प घेतले असतील तर तेही लिहा. दारूच्या दुकानाची उधारी शेवटी, आणि ती द्यायला तो जाणार नाही, दुसरं कुणी जाईल.

सावध: तुमचे विड्यांचे पैसे वेगळे ठेवा. तो सुधारल्यावरही. सुपात पानं घेऊन दिवसभर मान मोडून वळलेल्या विड्यांचे ते पैसे आहेत, ते घराच्या खड्ड्यात आपोआप जायला नकोत.

## ८. घर: इथे घाई सगळ्यात जास्त होते

दोन महिन्यांनी तो म्हणतो, "मी सोडली की आता, अजून काय पाहिजे?" आणि तिला नेमका त्याच वेळी राग येऊ लागतो. इतकी वर्षं जीव मुठीत धरून होती, रागवायला सवडच नव्हती. सासू म्हणते, पोरगा सुधारला तर ही आता तोंड वर करते. दोघांनाही आधीच सांगून ठेवा की हा राग येणार आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, अर्धा तास तिने बोलायचं आणि त्याने ऐकायचं. मध्ये खुलासा नाही. जमत नसेल तर समुपदेशकासमोर.

तो प्यायचा तेव्हा घराचे निर्णय तिने घेतले: शाळा, दवाखाना, भाड्याचं घर. आता "मी घरचा कर्ता" म्हणून ते एका दिवसात परत मागायचे नाहीत. पैशासारखंच, एकेक.

संशय हा वेगळा विषय. दारूने काहींच्या मनात बायकोबद्दल पक्का संशय बसतो, तिने पुरावे देऊन तो जात नाही. दारू बंद होऊनही तो टिकला तर तो आजार समजून डॉक्टरांना सांगा. खुलासे देत बसू नका. शरीरसंबंधांतल्या अडचणींचंही तसंच, डॉक्टरांना विचारायचं, वैदूला नाही.

मुलांना समोर बसवून "बाबा आता पिणार नाही" असं वचन देऊ नका. त्यांनी अशी वचनं ऐकली आहेत. त्याऐवजी छोटी, पाळता येईल अशी गोष्ट: रोज साडेसातला एकत्र जेवण, किंवा रविवारी कंबर तलावावर चक्कर. मोठ्या लेकीने धाकट्यांना सांभाळलं असेल तर तिला आधी मोकळं करा. ती अभ्यासाला बसेल, भांडी बाबा घासतील. आणि बाबा वेळेवर येतात का हे बघायला मुलांना दारात उभं करू नका.

## ९. सण, लग्न, हुरडा

पहिलं वर्षभर वरात, गटारी, धुळवड आणि शेतावरचा हुरडा सरळ टाळा. लग्नाला जायचंच असेल तर अक्षतांना जा, जेवा, निघा. नाही म्हणायचं वाक्य घरी पाठ करून घ्या: "डॉक्टरांनी बंद सांगितलीय, गोळ्या चालू आहेत." "सोडली" म्हटलं की मित्र चेष्टा करतात, गोळ्यांचं नाव काढलं की सहसा गप्प बसतात. "एक बिअर घे, बिअरने काय होतं" म्हणणाऱ्याला उत्तर द्यायची गरज नाही, उठून यायचं.

## १०. घसरला तर

बऱ्याच जणांचं होतं. म्हणून काय करायचं ते आज, तो शुद्धीत असताना, दोघांनी कागदावर लिहा:

एक, त्याने त्याच रात्री सांगायचं. सांगितलं तर त्या रात्री भांडण नाही, हा तुमच्या बाजूचा शब्द. दोन, डायसल्फिरॅम चालू असताना प्यायला असेल तर वाट न बघता दवाखाना. तीन, सकाळी डॉक्टर किंवा समुपदेशक, त्याच दिवशी सभा. चार, पैसे आणि वाट पुन्हा पहिल्या महिन्यासारखी, पण मुलांसोबतचं जेवण तसंच चालू.

सोडून काही महिने झालेल्याने जुन्या मापाने प्यायली तर ती अंगावर येते, कारण शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. बेशुद्ध असेल, श्वास संथ असेल, हलवूनही उठत नसेल तर "झोपू दे, उतरेल" म्हणू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. आणि चार-पाच दिवस सलग प्यायला असेल, तर पुन्हा घरी एकदम बंद करायची नाही. तिसऱ्या टप्प्यापासून सुरू करा, पहिल्या टप्प्यात डॉक्टरांसाठी लिहिलेल्या त्याच कागदासकट.